ट्रक ऑइल पितो, तेव्हा इंजिन खोलण्याआधी ब्रीदर पहा



गळीत हंगाम मध्यावर आला की आपल्या हुपरी, रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली भागात दोन तक्रारी हमखास कानावर येतात. पहिली, तोड वेळेवर मिळत नाही. दुसरी, गाडी ऑइल प्यायला लागली. पहिल्या तक्रारीवर आपण सभेत पुष्कळ बोलतो. दुसरी मात्र गाडीमालक, ड्रायव्हर आणि मिस्त्री या तिघांतच राहते, आणि बहुतेक वेळा तिचा निकाल एका वाक्यात लागतो: "इंजिन बसलंय, खोलावं लागेल."

कधी हे वाक्य खरेही असते. पण पुष्कळ वेळा इंजिनात फारसा दोष नसतो. दोष असतो एका साध्या नळीत, एखाद्या चोंदलेल्या जाळीत किंवा ढिल्या पडलेल्या क्लॅम्पमध्ये. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत होऊन मालकाचा पैसा जातो, ऐन हंगामात गाडी आठ-दहा दिवस उभी राहते, आणि नवे लायनर-पिस्टन टाकूनही पुढच्या वर्षी तीच रड सुरू होते. म्हणून या लेखात आम्ही एकच गोष्ट पटवून देणार आहोत. ऑइल कोणत्या वाटेने जाते हे कळल्याशिवाय इंजिन खोलू नये.

"आमच्या घरी ट्रक नाही, आम्ही हे कशाला वाचायचे?" असे काही सभासद म्हणतील. त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, तुटलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे. फडात किंवा बंद पडलेल्या गाडीत तो वाळला, तर वजन घटते आणि उताराही घटतो. वजनाचा तोटा एकट्या शेतकऱ्याचा, पण एफआरपी उताऱ्याशी जोडलेली असल्यामुळे उताऱ्याचा तोटा साऱ्या सभासदांचा. तेव्हा रस्त्यात बंद पडलेली गाडी कोणाचीही असो, ती आपल्या सर्वांचीच आहे.

ब्रीदर म्हणजे काय?

आपल्या वडीलधाऱ्यांना विहिरीवरची आणि नदीकाठची जुनी ऑइल इंजिने आठवत असतील. लिस्टर धाटणीच्या त्या एक सिलिंडरच्या इंजिनाला पोटावर एक लोखंडी दार असे आणि त्या दारावर पातळ पत्र्याची छोटी झडप टकटक करत असे. आतली हवा बाहेर जाऊ द्यायची, पण बाहेरची आत येऊ द्यायची नाही, हे तिचे काम. झडप बिघडली की इंजिन जागोजागी ऑइल गाळायला लागे. ट्रकचा ब्रीदर म्हणजे त्याच झडपेचा थोरला भाऊ होय.

याची गरज का पडते, ते पाहू. डिझेल इंजिनात पिस्टन हवेला सतरा-अठरा पट दाबतो. त्या दाबाने हवा इतकी तापते की, फवारलेले डिझेल ठिणगीशिवाय पेट घेते. हा सगळा दाब वर कोंडून धरण्याचे काम पिस्टनच्या रिंगा करतात. पण रिंग आणि लायनर एकमेकांवर घासत असतात आणि रिंगेच्या दोन टोकांत थोडी फट ठेवावीच लागते. त्यामुळे नव्याकोऱ्या इंजिनातही थोडा वायू पिस्टनच्या बाजूने खाली निसटतो आणि ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो. आपले मिस्त्री त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात.

रिंगांवर किती ताण पडतो, त्याचा एक हिशेब पहा. टाटाच्या जुन्या ६९७ इंजिनाचा पिस्टन ९७ मिलिमीटर व्यासाचा आणि त्याची एका दिशेची चाल १२८ मिलिमीटरची. इंजिन मिनिटाला १५०० फेरे फिरत असेल, तर पिस्टन मिनिटाला ३००० वेळा खाली-वर होतो. म्हणजे तासाभरात त्याच्या रिंगा लायनरवर सुमारे २३ किलोमीटर घासल्या जातात. दोघांच्या मध्ये असतो तो ऑइलचा केसाहून पातळ थर. त्या थरात धूळ शिरली तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

खाली उतरलेला वायू नुसती हवा नसतो. त्यात काजळी असते, अर्धवट जळालेले डिझेल असते आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर डिझेल जळाले की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जाते, पण थोडी वाफ रिंगांच्या वाटेने चेंबरमध्येही येते. या सगळ्या वायूला बाहेर पडायला वाट म्हणजे ब्रीदर. ही वाट मोकळी असली तर चेंबरमधला दाब नाममात्र राहतो. वाट चोंदली, तर प्रेशर कुकरची शिट्टी अडकावी तशी गत होते. मग वायू जिथे कच्ची जागा सापडेल तिथून निघतो आणि जाताना ऑइल घेऊन जातो.

जुनी रीत, नवी रीत

जुन्या गाड्यांत ब्रीदरची नळी बहुधा इंजिनाच्या बाजूने खाली सोडलेली असते. वायू थेट हवेत जातो, आणि त्याबरोबर येणाऱ्या ऑइलचे थेंब रस्त्यावर पडतात. पण हा वायू विषारी असतो. म्हणून अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पेट्रोल मोटारींमध्ये तो पुन्हा इंजिनाच्या हवेच्या वाटेत सोडून जाळण्याची पद्धत आली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. या नव्या ट्रकांपैकी बऱ्याच गाड्यांत ब्रीदरचा वायू आधी ऑइल वेगळे करणाऱ्या सेपरेटरमधून जातो. ऑइल परत चेंबरमध्ये उतरते आणि वायू एअर फिल्टर व टर्बो यांच्या मधल्या पाइपात सोडला जातो.

या फरकाचा अर्थ मालकाने नीट समजून घ्यावा. जुन्या गाडीचा ब्रीदर बिघडला तर जमिनीवर ऑइल दिसते. नव्या गाडीत ते दिसत नाही. ते हवेबरोबर आत जाते आणि जळते. बाहेर गळती नाही, पट्टीवर पातळी मात्र उतरते, असा तिढा पडतो. शिवाय बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. काजळी त्यात जळून जाते, पण जळालेल्या ऑइलची राख जळत नाही. ती साचत राहते आणि तो महागडा फिल्टर वेळेआधी चोंदतो. म्हणून नव्या गाडीत ऑइलचा खप ही आणखी मोलाची गोष्ट झाली आहे.

आधी मोजा, मग बोला

"ऑइल खाते" ही तक्रार झाली, आकडा नव्हे. किती खाते, हे आधी ठरवले पाहिजे. रस्त्यावरच्या गाड्यांचे ऑइल किलोमीटरवर मोजण्याची पद्धत आहे. पण आपल्या ऊस गाडीला ते माप लागू पडत नाही. ती फडातून कारखान्यापर्यंत वीस-पंचवीस किलोमीटर धावते आणि यार्डात नंबर लागेपर्यंत तासन् तास उभी असते. पुष्कळदा इंजिन चालूच असते. किलोमीटर वाढत नाहीत, पण इंजिन झिजत राहते. म्हणून ऊस गाडीचे ऑइल डिझेलच्या मानाने मोजावे.

एक वही करा. दर वेळी किती लिटर डिझेल भरले आणि किती ऑइल वरून घातले, एवढेच लिहा. समजा, पंधरा दिवसांत ६०० लिटर डिझेल लागले आणि २ लिटर ऑइल घातले. म्हणजे डिझेलच्या एक तृतीयांश टक्का ऑइल गेले. जुन्या वळणाच्या इंजिनाला डिझेलच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत ऑइल लागले तर घाबरण्याचे कारण नाही. तेच ६०० लिटरला ९ लिटर ऑइल लागले, तर दीड टक्का झाला. मग शोध घेतलाच पाहिजे. नव्या इंजिनांना त्याहून बरेच कमी लागते, तेव्हा त्यांचा आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्यावा. एका दिवसाच्या मापावर विश्वास ठेवू नये. वहीत खप हळूहळू चढत गेला असेल तर झीज समजावी. तो एकदम वाढला असेल, तर काहीतरी फुटले, निसटले किंवा चोंदले आहे असे समजावे.

मोजण्याचीही रीत आहे. गाडी सपाट जागी उभी करावी. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, म्हणजे वरचे ऑइल खाली उतरते. मग पट्टी पुसून, परत घालून पातळी पहावी. फडाच्या बांधावर, उताराला उभ्या गाडीची पट्टी खोटे बोलते.

आणखी एक चूक सर्रास होते. "असू दे जरा जास्त" म्हणून वरच्या खुणेच्याही वर ऑइल भरले जाते. मग क्रँकशाफ्ट त्या ऑइलला रवीसारखी घुसळते, फेस होतो आणि तो फेस ब्रीदरच्या वाटेने बाहेर फेकला जातो. जास्त भरलेले ऑइल इंजिन टाकून देते आणि मालक म्हणतो, खाल्ले. पातळी दोन खुणांच्या मध्ये असली तरी इंजिन सुखी असते.

उलट काही वेळा पातळी कमी होत नाही, वाढते! यात आनंद मानू नका. ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी मिसळत आहे असा त्याचा अर्थ. पट्टीला डिझेलचा वास येतो का, ऑइल पाण्यासारखे पातळ झाले आहे का, दुधाळ दिसते का, हे पहावे आणि गाडी लगेच दाखवावी. पातळ झालेले ऑइल बेरिंगा खाऊन टाकते.

ब्रीदरची तपासणी

मोजमाप झाले, पातळी बरोबर आहे, तरी खप आहेच. आता खाली वाकून ब्रीदर पहा. हे काम ड्रायव्हरला अर्ध्या तासात करता येते.

नळी पूर्ण मोकळी आहे का ते पहा. पाचटाचा चोथा, फडातला चिखल, नळीला पडलेली मोड ही नेहमीची कारणे. पावसाळ्यात चार महिने उभ्या असलेल्या गाडीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. ते घर दिसायला टिचभर असते, पण सगळी वाट बंद करते. हंगाम सुरू होण्याआधी ही नळी काढून फुंकून पहायची सवय ठेवावी.

जुन्या ब्रीदरमध्ये तारेची जाळी असते. ती डिझेलमध्ये धुऊन, वाळवून बसवता येते. नव्या गाड्यांच्या सेपरेटरमधील फिल्टर मात्र धुण्याचा नसतो. ठरल्या वेळी तो बदलावाच लागतो. तो धुऊन बसवला, तर दिसायला स्वच्छ पण आतून चोंदलेला राहतो.

चेंबरमधला दाब वाढला आहे हे कशावरून ओळखावे? ऑइल मोजायची पट्टी आपोआप वर उचलली जाते. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, पुढचे-मागचे ऑइल सील अशा चार-पाच जागी एकाच वेळी ओल दिसू लागते. सगळी सील एकाच आठवड्यात खराब होत नसतात. एकदम जागोजागी गळती झाली की सील बदलण्याआधी ब्रीदर पहा. नाहीतर नवी सीलही महिनाभरात गळतील.

खात्री करून घ्यायची असेल तर पाण्याच्या नळीची साधी चाचणी आहे. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीला बांधावी. दोन्ही बाजू हातभर उंच ठेवाव्यात, नळीत निम्मे पाणी भरावे. एक टोक पट्टीच्या भोकाला घट्ट बसवावे, दुसरे उघडे ठेवावे. इंजिन गरम करून चालू ठेवले की दोन बाजूंच्या पाण्यात जो फरक पडतो, तो चेंबरमधला दाब. किती फरक चालतो, हे कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते. आता ब्रीदरची नळी सोडवून पुन्हा पहावे. फरक एकदम कमी झाला तर ब्रीदर चोंदलेला होता. नळी सोडल्यावरही तोंडातून भसभस वायू येतच राहिला, तर वायू जास्त तयार होत आहे आणि पुढे शोधले पाहिजे. हे करताना सैल कपडे, उपरणे, पंख्याचा पट्टा यांची काळजी घ्यावी. बिडी-काडी तर जवळही आणू नये.

एक गोष्ट कधीही करू नका. ब्रीदरमधून ऑइल उडते म्हणून त्यात बोळा कोंबणे किंवा नळीला गाठ मारणे. असे करणे म्हणजे रोग आत दाबणे होय. किती ऑइल उडते ते पहायचे असेल, तर नळीखाली तोंड उघडी बाटली लटकवावी. वायूला वाट राहिली पाहिजे.

हवेची वाट

ब्रीदर ठीक निघाला तर एअर फिल्टरकडे वळा. आमच्या मते ऊस गाडीचे इंजिन अकाली बसण्याचे मोठे कारण ऑइलचे नसून धुळीचे असते. मुरमाच्या पाणंदी, सुकलेले पाचट, पुढच्या गाडीचा लोट या सगळ्यातून ही गाडी दिवसरात्र जाते.

फिल्टर चोंदला तर इंजिनाला हवा कमी पडते. टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते आणि त्या ओढीने टर्बोच्या सीलमधून आणि बंद पद्धतीच्या ब्रीदरमधूनही ऑइल खेचले जाते. फिल्टर बदलला की खप निम्म्यावर यावा, असेही होऊ शकते. पण चोंदलेल्या फिल्टरपेक्षा फाटलेला फिल्टर आणि ढिला क्लॅम्प अधिक घातकी. फिल्टर आणि इंजिन यांच्या मधल्या रबरी पाइपाला चीर असेल, तर धूळ गाळल्याशिवाय थेट रिंगांवर जाते. पाइप आतून बोटाने पुसून पहा. बोटाला मातकट धूळ लागली तर चोर सापडला.

फिल्टर बंपरवर आपटून साफ करू नये. त्याने कागद फाटतो. हवा मारायची तर आतून बाहेर, बेताच्या दाबाने. काही कंपन्या साफ न करता बदलाच असे सांगतात, ते ऐकावे. आतला छोटा सुरक्षा फिल्टर काढून टाकून गाडी चालवणे म्हणजे दार सताड उघडे ठेवून राखण बसवण्यासारखे आहे.

टर्बो आणि कंप्रेसर: दोन फसवे

निळा धूर दिसला की टर्बोवर आळ येतो. टर्बोला वरून दाबाने ऑइल मिळते, पण खाली चेंबरमध्ये ते आपल्या वजनाने उतरते. चेंबरमध्ये दाब साचलेला असेल किंवा परतीचा पाइप वाकला असेल, तर ऑइल उतरत नाही. ते टर्बोतच साचते आणि सीलमधून एका बाजूने हवेत, दुसऱ्या बाजूने सायलेन्सरमध्ये जाते. अशा वेळी नवा टर्बो बसवला तरी धूर तोच. म्हणून आधी ब्रीदर, परतीचा पाइप आणि एअर फिल्टर पहावेत, मगच टर्बोच्या दांड्याचा खेळ तपासावा. बंद ब्रीदरच्या गाडीत हवेच्या पाइपात ऑइलचा हलका ओलावा असणारच. डबके असेल तर चिंता करावी.

एअर ब्रेकच्या कंप्रेसरकडे फारसे कोणी पाहत नाही. त्यालाही इंजिनाचेच ऑइल मिळते. त्याच्या रिंगा झिजल्या की ऑइल हवेच्या टाकीत जाते. टाकीचा कॉक सोडल्यावर पाण्याबरोबर काळे ऑइल बदाबदा आले, तर खपाचे एक कारण हातात आले. दुसरे असे की, झिजलेला कंप्रेसर हवा उलट इंजिनाच्या चेंबरमध्ये ढकलतो आणि ती बॅक कॉम्प्रेशनसारखी भासते. ओळखायची खूण सोपी आहे. टाकी भरत असताना आणि टाकी पूर्ण भरून कंप्रेसर मोकळा फिरत असताना, अशा दोन्ही वेळी ब्रीदरचा वायू पहा. टाकी भरल्यावर वायू स्पष्ट कमी झाला तर संशय कंप्रेसरवर घ्या. इंजिन वाचले!

रेडिएटरच्या पाण्यावर ऑइलचा तवंग असेल, तर ऑइल कूलर किंवा हेडचे पॅकिंग पहावे. ही सुद्धा ऑइल जाण्याची एक वाट आहे.

धूर काय सांगतो?

ऑइल जळाले की धूर निळसर असतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. इंजिन गार असताना दिसणारा पांढरा धूर बहुधा न जळालेल्या डिझेलचा किंवा वाफेचा असतो. निळा धूर कधी येतो, तेही पहावे. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना एकच भपका येऊन थांबला, तर व्हॉल्व्हच्या गाइड आणि सीलकडे संशय जातो. भरलेली गाडी चढावर ओढताना सतत निळा धूर आणि ब्रीदरमधून भसभस वायू, दोन्ही एकत्र असतील, तर रिंगा आणि लायनर. या खुणा पुरावा नव्हेत, पण दिशा दाखवतात.

पक्का पुरावा हवा असेल तर एकेका सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे आणि सिलिंडरमध्ये बाहेरून दाबाची हवा सोडून ती कुठून निसटते ते ऐकावे. ब्रीदरशी आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरशी आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या पाइपात आला तर इनलेट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडचे पॅकिंग. मिस्त्रीला ही चाचणी करून आकडे कागदावर मागायला संकोच वाटू देऊ नका. पैसे आपले जाणार आहेत.

यार्डात चालू ठेवलेले इंजिन

आपली हुपरी चांदीच्या पैंजणांसाठी नावाजलेली. चांदीला चकाकी आली की तिला भाव येतो. लायनरला चकाकी आली की मालकाला रडू येते. नव्या लायनरवर तिरक्या बारीक रेघा मुद्दाम ओढलेल्या असतात. त्या रेघांत ऑइल टिकते आणि रिंगा नीट बसतात. इंजिन तासन् तास बिनओझ्याचे, हळू चालत राहिले की ते पुरेसे तापत नाही. दाब कमी असल्याने रिंगा लायनरला घट्ट टेकत नाहीत, अर्धवट जळालेल्या डिझेलचा थर त्या रेघांत भरतो आणि लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो. मग रिंगांना ऑइल नीट खरवडता येत नाही. शिवाय थंड इंजिनात पाण्याची वाफ साचून ऑइल भरायच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर धरतो. हाच थर ब्रीदरची जाळी चोंदवतो.

सबब, नंबर लागायला वेळ आहे असे दिसले की इंजिन बंद करावे. टर्बोची गाडी लांबून ओढून आली असेल तर दोन-तीन मिनिटे चालू ठेवून मग बंद करावी. यात डिझेलही वाचते. नुकतेच रिंगा टाकलेले इंजिन तर मुळीच नुसते चालू ठेवू नये. त्याला बेताचे ओझे देऊन चालवले तरच रिंगा बसतात. सुरुवातीला ते थोडे ऑइल जास्त घेईल, त्याने घाबरू नये.

इंजिनाने आपोआप रेस घेतली तर

ऑइलच्या खपात पैशापेक्षा मोठा धोका एकच आहे. हवेच्या वाटेने खूप ऑइल आत गेले, तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच चालू लागते. रेस आपोआप वाढत जाते, चावी काढली तरी इंजिन थांबत नाही आणि शेवटी फुटू शकते. अशा वेळी आसपासची माणसे दूर करावीत. ड्रायव्हर केबिनमध्ये असेल तर त्याने वरचा गिअर टाकून, सर्व ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन ओझ्याने बंद पडते. हवेचे तोंड बंद करण्यासाठी हात कधीही लावू नये. जाड फळी वापरावी, आणि तीही सुरक्षितपणे पोचता आले तरच. नाहीतर सरळ लांब पळावे. गाडी परत मिळते, माणूस मिळत नाही.

शेवटी दोन शब्द

खप वाढला म्हणून जाड ऑइल किंवा बाटलीतले औषध घालून हंगाम ढकलण्याची रीत आहे. त्याने चार दिवस खूण झाकली जाते, रोग वाढतो. गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड दिला असेल तोच घालावा. आपल्याकडच्या बहुतेक ट्रकांना १५ डब्ल्यू ४० चालते, पण बीएस-६ गाडीला त्याच ग्रेडमधले कमी राखेचे, सीके-४ प्रतीचे ऑइल लागते. डबा सीलबंद घ्यावा, पावती घ्यावी आणि रिकामा डबा फोडून टाकावा, म्हणजे कोणी त्यात बनावट माल भरणार नाही. काढलेले काळे ऑइल पाटात किंवा बांधावर ओतू नये. ते आपल्याच विहिरीत उतरते.

आणि इंजिन खोलावेच लागले, तरी मिस्त्रीला एक प्रश्न जरूर विचारावा: "रिंगा झिजल्या, ते कशामुळे?" धूळ आत गेली असेल तर ती कोठून गेली, ब्रीदर चोंदला असेल तर तो का चोंदला, याचे उत्तर मिळाल्याशिवाय इंजिन बंद करू देऊ नका. कारण सापडले नाही, तर नवे लायनर पुढच्या हंगामाचे जुने लायनर ठरतील.

हंगामापूर्वी ब्रीदर, एअर फिल्टर, पाइपांचे क्लॅम्प आणि कंप्रेसर ही चार कामे करून घ्यावीत, गाडीत एक वही आणि एक पेन्सिल ठेवावी, आणि ड्रायव्हरला ती रोज लिहायला लावावी. मिस्त्रीने इंजिन खोलायचे म्हटले की आधी ती वही त्याच्यापुढे ठेवावी. कळावे.